आत्याचा उलटा शर्ट

डोळे मिटून कल्पना करा असं मी म्हणणार नाही, कारण डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं? ते उघडेच असू द्या. फक्त डावा हात जरा वर उचला आणि उजव्या हाताचं बोट डाव्या फासळ्यांवरून फिरवा, काखेखालून थेट पोटापर्यंत. गुदगुल्या झाल्या ना? होऊ द्या. आता कल्पना करा की बोट फिरलं त्या पट्ट्यात गुदगुल्या झाल्याच नाहीत, चटका बसला. तापल्या तव्याला हात लागावा तसा. तुम्ही अंग चोरून घेतलंत, पण तवा काही दूर होईना. आरशात पाहिलंत तर तिथे काहीच नाही, ना फोड, ना ओरखडा. आणि आता यातला सगळ्यात अवघड भाग. तिथे बोट लागलंच नव्हतं. अंगातला कपडा तेवढा घासला होता.

जमलं का? पुरतं जमलं नसेल तरी हरकत नाही. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिलाही ते जमलं नव्हतं, आणि ती तर त्याच घरात राहत होती.

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि घर शिंप्याचं. दुसरं काय नाव पडणार? पुढच्या खोलीत बाबांचं दुकान होतं: एक पायमशीन, कापड कापायचं लांब टेबल, भिंतीवर हुकांना टांगलेले अर्धवट कोट. मागच्या दोन खोल्यांत घर. आई पोस्टात कामाला जायची. आणि दुकानाच्या खिडकीशी, जिथे उजेड सगळ्यात चांगला, तिथे एका बिनपाठीच्या स्टुलावर आत्या बसायची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा कापणार, बाबा मशीन चालवणार, पण हाताने काज करायचं ते आत्यानेच. तिने केलेलं काज बटण निघून हरवलं तरी तसंच राहायचं, एक धागा सुटायचा नाही.

टाचणी नऊ वर्षांची होती तेव्हा आत्याला डाव्या बाजूला नागीण उठली. काखेखालून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी पुन्हा पहिल्यासारखी दिसू लागली, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण दुखणं गेलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की आतली नस दुखावली आहे, ती कधी शांत होईल हे कुणालाच सांगता येणार नाही. गोळ्यांनी दुखण्याची धार थोडी बोथट व्हायची, एवढंच.

मग आत्याने आपली आपण सोय लावून घेतली. वेताची एक जुनी टोपली मधोमध कापून घेतली. झोपताना ती अर्धी टोपली कुशीवर पालथी ठेवायची आणि वरून पांघरूण घ्यायची, म्हणजे पांघरूण टोपलीवर राहायचं, अंगाला लागायचं नाही. बसताना काखेत एक चपटी उशी धरायची, म्हणजे हात कुशीला घासायचा नाही. स्टुलाची पाठ तिने बाबांकडून काढून घेतली. पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं, कारण वाऱ्याने सुद्धा कपडा हलतो.

आणि शर्ट.

तो शर्ट टाचणीच्या आजोबांचा. तेही शिंपीच. त्यांनी तो स्वतःसाठी शिवला, आयुष्यभर वापरला, आणि त्यांच्या माघारी तो ट्रंकेत पडून होता. नागीण गेल्यावर आत्याने घरातला एकेक कपडा अंगाला लावून पाहिला. सगळे टाकले. हा एकच टिकला. इतका विरलेला की उजेडात धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यावा, आणि मांजरीच्या कानासारखा मऊ. आत्याने त्याची कॉलर काढून टाकली. डाव्या कुशीची शिवण उसवून तिथे त्याच शर्टाच्या खिशाचा तुकडा जोडला, आणि शिवण पार पुढे, दुखऱ्या पट्ट्याच्या बाहेर नेली. मग तो उलटा केला, शिवणी बाहेर आणि गुळगुळीत बाजू अंगाला, आणि बटणंसुद्धा काढून उलट्या बाजूने लावली. तेव्हापासून तो तिचा रोजचा शर्ट झाला. आठवड्यातून एकदा तो धुवायचा, आणि वाळेपर्यंत आत्या आतल्या खोलीत चादर सैल पांघरून, टोपली कुशीवर घेऊन पडून राहायची.

आता शिंप्याच्या दुकानात, खिडकीशी, बाईने उलटा शर्ट घालून बसायचं म्हणजे कल्पना करा.

"अहो ताई, आज घाईत उठलात वाटतं," बेकरीवाल्या काकू म्हणायच्या. त्या ब्लाउजचं माप द्यायला यायच्या आणि दर वेळी मागच्या मापापेक्षा जास्त भरायच्या. "शर्ट उलटा आलाय."

"उलटाच बरा," आत्या म्हणायची. "घालताना विचार करावा लागत नाही."

"पण बघणाऱ्याला करावा लागतो ना! लोक म्हणतील, भाऊ शिंपी आणि बहिणीला धड कपडा नाही."

"लोकांना म्हणावं, भावाला तुमच्याच मापांमधून सवड होत नाही."

काकू खो खो हसायच्या. बाबाही हसायचे, पण खाली मान घालून. टाचणी ते पाहायची.

"फार दुखतंय का गं ताई?" असं बाबांनी विचारलं की आत्याचं उत्तर ठरलेलं होतं. "जरासं. चालायचंच."

अकराव्या वर्षी टाचणीच्या वर्गात एक छान गोष्ट सुरू झाली. बाईंनी सांगितलं, ज्यांच्या घरात कुणाला हाताने काही चांगलं करता येतं त्यांनी त्या माणसाला एक तास वर्गात आणायचं. एकाचा काका आला आणि त्याने सायकलचं पंक्चर काढून दाखवलं. एकीच्या आईने केस कापून दाखवले, तेही बाईंचेच. टाचणीने हात वर करून आत्याचं नाव देऊन टाकलं आणि मग घरी येऊन आत्याला विचारलं.

आत्या बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. दोरा केव्हाच ओवून झाला होता.

"किती पोरं असतात?"

"वर्गभर."

"अंगावर येणार नाहीत ना माझ्या?"

"मी तुझ्या डाव्या बाजूला उभी राहीन. पहारेकरी."

"टाचणीचा पहारा म्हटल्यावर कोण जवळ येतंय!" आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की आईने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं. नागीण झाल्यापासून आत्या दवाखान्याखेरीज कुठेही गेली नव्हती. तिने त्याच संध्याकाळी जाड कापडाचे तुकडे कापले, प्रत्येक मुलाला एकेक, आणि त्यांवर खडूने काजाच्या रेघा आखून ठेवल्या. "मला शिकवायला फार आवडलं असतं," ती आईला म्हणाली. "पण ही एकच पोर मिळाली, आणि हिला अर्धं पोटातच येत होतं."

सगळं ठीक चाललं होतं. मग एके दिवशी शाळेतून येताना टाचणीच्या चष्मेवाल्या मैत्रिणीने विचारलं, "तुझी आत्या तो उलटा शर्ट घालते ना? शाळेतही तोच घालणार?"

तिने काही वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण टाचणीच्या मनातून ते जाईना. तिला पुढचं सगळं दिसू लागलं: आत्या दारात उभी, वर्गातली पोरं एकमेकांना कोपराने ढोसताहेत, मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंय. आत्याला ते ऐकू जातंय. नाही, असं होऊ द्यायचं नाही. आत्याला नवा शर्ट हवा. अगदी ह्याच मापाचा, ह्याच कापाचा, पण नवा आणि सुलटा.

आता हे दुसऱ्या कुठल्या घरात घडलं असतं तर त्या मुलीने फार तर बाजारातून एक शर्ट आणायचा हट्ट धरला असता, आणि जुना शर्ट जसाच्या तसा राहिला असता. पण हे शिंप्याचं घर. एखादा जुना कपडा अंगात फार छान बसतो, अगदी तसाच दुसरा हवा, असं गिऱ्हाईक म्हणालं की शिंपी काय करतो ते टाचणीला चांगलं ठाऊक होतं. शिंपी तो जुना कपडा उसवतो. एकेक शिवण सोडवतो, तुकडे इस्त्रीने सपाट करतो, कागदावर टाचतो आणि त्यावरून नवा बेततो. नुसती फीत लावून मापं घेतली तर कपडा जवळपास तसा होतो. तंतोतंत हवा असेल तर उसवल्यावाचून गत नाही. आत्याच्या शर्टाची डावी बाजू तर अशी आडवीतिडवी होती की फीत तिथे चक्रावलीच असती.

वर्गात जायच्या आदल्या दिवशी आत्याने शर्ट धुवून घेतला. दुपारी बाबा एका हॉटेलात वाढप्यांच्या कोटांची मापं घ्यायला गेले, आई पोस्टात, आणि आत्या आत टोपलीखाली. टाचणीने दोरीवरून शर्ट काढला, दुकानातल्या टेबलावर पसरला आणि बारीक कात्री घेतली.

शिवणी कशा भराभर सुटल्या! जुना दोरा कुजलेलाच होता. दोन ठिकाणी कापड दोऱ्याबरोबर फाटलं, पण तिला वाटलं, फाटू दे, हा आता वापरायचा कुठे आहे? पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, तो खिशाचा तुकडा. काठ वेडेवाकडे निघाले तिथे तिने ते कात्रीने सरळ करून घेतले. सगळं खाकी कागदावर टाचून झालं तेव्हा आतून हाक आली.

"टाचणे, शर्ट वाळला का गं?"

"अजून दमट आहे, आत्या."

"बरं. वाळला की दे."

बाबा आले आणि दारातच थबकले. टेबलावर त्यांच्या वडिलांचा शर्ट तुकडे तुकडे होऊन पडला होता.

"हे काय केलंस?"

टाचणीने सगळं सांगितलं. बाबा तुकड्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात तेव्हा काहीतरी अडलं होतं, असं ते पुढे म्हणाले. कपाळाला आठी पडली होती. पण मग त्यांची नजर डाव्या बाजूच्या त्या विचित्र कापावर गेली आणि शिंप्याचा हात आपोआप पुढे झाला. "हा कोपरा नीट टाच," ते म्हणाले. "ताईनं इथं काय गंमत केलीय बघ. बरं झालं उसवलंस. हे नुसतं बघून मला कधीच उतरवता आलं नसतं." आणि जरा थांबून, हलक्या आवाजात, "करायलाच हवा होता कधीतरी. मी भाऊ असून."

त्यांनी कपाटातलं सगळ्यात चांगलं सुती कापड काढलं. आई कामावरून आली तेव्हा मशीन धडधडत होतं. तिने विचारलं, "ताईंना विचारलंत का?"

"विचारून द्यायची ती भेट कसली," बाबा म्हणाले.

आई तशीच भाजी चिरायला निघून गेली. हेही तिला पुढे बोचत राहिलं.

बाबांनी शिवणी दुहेरी दुमडून घेतल्या, कुठे एक सूत बाहेर दिसू नये अशा. खालच्या घेराची तुरपाई टाचणीने केली, काजं तिने केली, बटणं सुलट्या बाजूला तिने लावली. मानेच्या मागे दुकानाच्या नावाची चिठ्ठी शिवली, मोठ्या गिऱ्हाइकाच्या कपड्याला शिवतात तशी. मग खळ, मग इस्त्री. शर्ट हँगरवर चढवला तेव्हा तो आत कुणी नसतानाच छाती काढून उभा राहिला.

सकाळी टाचणी तो पाठीमागे लपवून आतल्या खोलीत गेली. मागे दारात बाबा, त्यांच्या मागे आई.

आत्या चादर खांद्यावर धरून खाटेवर बसली होती. शर्ट समोर आला तेव्हा तिने तो दोन बोटांत धरून पाहिला, दुकानात कापड पाहतात तसा. शिवण पाहिली, घेर उलटून पाहिला.

"तुरपाई कुणाची?"

"माझी!"

"एकसारखी आलीय. शाब्बास." मग ती म्हणाली, "आणि जुना?"

टाचणी पळत गेली आणि खाकी कागद घेऊन आली. त्यावर टाचलेले तुकडे. आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. तिने एका बोटाने पाठीच्या तुकड्याला नुसता स्पर्श केला.

"उसवलात."

"मापासाठी, आत्या. तुझ्या कापाचा दुसरा होताच कुठे?"

"नव्हता," आत्या म्हणाली. "हे खरं आहे. दुसरा नव्हता."

तिने वर पाहिलं. टाचणीचे डोळे चमकत होते, बाबा दारात लहान मुलासारखे हसत उभे होते. तेव्हा आत्याला सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम होतं. पण इतके दिवस 'जरासं, चालायचंच' म्हणून म्हणून ती चार वाक्यं तिच्याजवळ तयारच नव्हती.

"शाळा किती वाजता भरते?" तिने विचारलं, आणि शर्ट घ्यायला हात पुढे केला.

वर्गात काय झालं ते सांगतो. शर्टाकडे कुणी पाहिलंच नाही. चष्मेवाल्या मैत्रिणीनेही नाही. सगळ्यांचे डोळे आत्याच्या बोटांवर होते. तिने दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवली, रेघेवर कात्रीचं टोक टेकवून एक चीर दिली, आणि चिरेच्या काठाने टाके असे उभे राहू लागले की पोरांनी श्वास रोखून धरले. टाचणी कबूल केल्याप्रमाणे डाव्या बाजूला पहाऱ्यावर होती.

"आधी काज करायचं की आधी बटण लावायचं?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

"आधी गिऱ्हाइकाचं पोट बघायचं," आत्या म्हणाली. "मग दोन्ही कुठं लावायची ते कळतं."

वर्ग हसला, बाई हसल्या. आत्याही हसली, पण टाचणीला काहीतरी निराळं दिसलं. आत्याचा डावा कोपर हळूहळू वर चालला होता, कोंबडीने पंख उचलून धरावा तसा. काखेतली उशी घरीच राहिली होती. नव्या शर्टाच्या ऐटीत ती कुणालाच आठवली नव्हती. आत्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. पुढचा टाका चुकला. टाचणीने आत्याचा टाका चुकलेला आजवर पाहिला नव्हता.

अर्धं काज झालं होतं. आत्याने सुई कापडात खोचली आणि उभी राहिली.

"पुढचं टाचणी दाखवेल," ती म्हणाली. "तिला सगळं येतं. बाई, मी जरा बाहेर..."

आणि ती गेली. टाचणीने सुई उचलली. एक क्षण तिला फुशारकी वाटली, ते लपवायला नको. वर्गासमोर उभं राहून आत्याचं अर्धं काज पुरं करायला मिळत होतं! तिने दोन टाके घेतले आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं.

शाळेच्या भिंतीआड, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आत्या उभी होती. तिने दोन्ही हातांनी शर्ट अंगापासून दूर ओढून धरला होता, तंबू ताणून धरावा तसा. ती थोडी पुढे वाकली होती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

टाचणीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सगळं नाही, पण पुरेसं.

त्या दिवसापासून आत्या खिडकीशी बसायला आली नाही. दुखणं असं भडकलं की डॉक्टरांना गोळ्या बदलाव्या लागल्या. ती आतल्या खोलीत टोपलीखाली पडून राहायची. बाबांनी दुकान बंद करून जुना शर्ट पुन्हा जोडायचा प्रयत्न केला. मशीनची सुई एकदा खाली गेली आणि विरलेलं कापड जाळीसारखं फाटलं. हाताने करून पाहिलं, तरी तेच. काठ टाचणीने कापून सरळ केलेले, जोडायला दुमड उरलीच नव्हती. शेवटी पाठीचा मोठा तुकडा तेवढा आत्याने मागून घेतला. झोपताना ती तो कुशीवर पसरायची, त्यावर टोपली. त्याने बरं वाटायचं. पण नुसता तुकडा गुंडाळून चार माणसांत येऊन बसता येत नाही.

"ताई दिसत नाहीत हो," बेकरीवाल्या काकूंनी विचारलं. "मी काही बोलले म्हणून रागावल्या का? मला तोंडाला कुलूप लावायला पाहिजे एकदा."

"नाही हो काकू," बाबा म्हणाले. "आम्हीच चुकलो."

आतल्या खोलीत जाऊन ते आत्याच्या पायथ्याशी बसले. "ताई, लहानपणापासून सुई धरतो मी. मला हातात घेऊन कळायला हवं होतं ते कापड."

"तुला कळलं असतं," आत्या म्हणाली, "मी सांगितलं असतं तर. तू विचारायचास आणि मी म्हणायचे, जरासं. मोठेपणा सगळा. शेवटी तोच उलटला माझ्यावर."

टाचणी मात्र खोलीच्या उंबऱ्याशीच घुटमळायची. आत पाऊल टाकायची नाही. शेवटी एका दुपारी आत्यानेच हाक मारली.

"टाचणे, पहारा दारातूनच करणार का? ये इकडं. उजव्या बाजूला बस."

टाचणी बसली आणि रडायला लागली. आत्याने तिला रडू दिलं.

"मला वाटलं, नवा जास्त बरा असेल," टाचणी म्हणाली.

"कुणालाही वाटलं असतं. हे बघ, आपल्या दुकानाच्या दाराला घंटा आहे ना? कुणी बटण दाबलं की वाजते. तिची तार बिघडली तर काय होईल? दारात कुणी नाही, तरी घंटा वाजतच राहील. माणूस दार उघडून दमेल. माझ्या कुशीत तशी एक तार आहे. बाहेर काही झालेलं नसतं, पण आत घंटा वाजते. कापड नुसतं टेकलं तरी वाजते. आजोबांचा शर्ट असा दबकत यायचा की तारेला कळायचंच नाही."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

आत्याने कुशीवरची टोपली जरा सरकवली. मग म्हणाली, "सांगायला हवं होतं. तुला घाबरवायचं नव्हतं. आणि मला वाटायचं, बोललं की ते जास्त खरं होईल. तसं काही नसतं."

टाचणीने नाक पुसलं. खुंटीवर नवा शर्ट टांगला होता, अजून तसाच ताठ.

"तो शर्ट इतका मऊ कसा झाला होता? खूप धुतला म्हणून?"

"धुण्यानं थोडं होतं. पण उरलेलं काम अंगाचं. तुझे आजोबा रोज तो घालून वाकायचे, उठायचे, मशीनवर बसायचे, घामानं भिजायचे. कापड माणसाच्या अंगावरच मऊ होतं बघ. त्याला दुसरा उपाय नाही. वर्षं लागतात."

"किती वर्षं?"

"ते कापडाच्या मनावर," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून पडली. "जा आता. आईला म्हणावं, पाण्याचा तांब्या दे."

टाचणीने तांब्या आणून ठेवला. मग ती खुर्चीवर चढली, खुंटीवरचा शर्ट काढला आणि दुकानात नेऊन टेबलावर पसरला. बाबांनी मशीन थांबवून पाहिलं, पण विचारलं नाही. तिने कात्री घेतली, आणि बाबा मशीनवरून अर्धवट उठले. पण तिने मानेमागची चिठ्ठी तेवढी उसवली. मग एकेक बटण काढलं आणि उलट्या बाजूला लावलं. सगळी खळ निघून जाईपर्यंत शर्ट बादलीत चोळला आणि दोरीवर टाकला. या वेळी तो वाळेपर्यंत ती दोरीखालीच बसून राहिली.

सकाळी शाळेच्या वेळी ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा बेकरीवाल्या काकू दारातच भेटल्या. टाचणीच्या अंगात तो शर्ट होता, गुडघ्यापर्यंत लोंबणारा, बाह्या चार-चार घड्या घालून वर केलेल्या, आणि सगळ्या शिवणी बाहेर.

"अगं बाई! टाचणे, शर्ट उलटा घातलायस!"

"माहीत आहे, काकू," टाचणी म्हणाली. तिने पाठीला दप्तर लावलं आणि कापड सगळीकडून नीट घासलं जावं म्हणून दोन्ही हात जोरजोरात हलवत, ती भर रस्त्याने शाळेकडे चालू लागली.